बुटाचंसुद्धा बिल

आमच्या घरी देवीच्या फोटोखाली एक फाईल आहे. तिच्यात नुसती बिलं. कुकरचं, पंख्याचं, पोराच्या बुटाचंसुद्धा. आम्ही पारधी. कुठं चोरी झाली का पोलीस आमच्याच दारात, "हे कुठून आणलं?" म्हणून. सीताबर्डीचा दुकानदार हसते, "बाई, दोनशेच्या बुटाले बिल काय करता?" हसू दे बापडा. त्याच्या दारात कोणी येत नाही.

परवा इंग्लंडातून पिंकीचा फोन आला. माझी पोरगी स्कॉलरशिपवर शिकून राहिली तिथं. तिच्या मैत्रिणीले पोलिसांनी रस्त्यात अडवलं, सायकल कोणाची म्हणून. मैत्रीण काळी, सायकल नवी. गोरी पोरं तशाच सायकलींवर बाजूनं गेली, त्यायले कोणी हटकलं नाही.

"म्हणजे तिथंबी पारधी आहेत म्हण," मी म्हटलं. "बिल नव्हतं काय वं तिच्यापाशी?"

पिंकी भडकली. "आई, तिनं काहून बिल बाळगावं? चोरीची कशावरून, ते त्यायनं सांगावं ना!"

अरे बाप्पा! पन्नास वर्षांत मले हे सुचलं नव्हतं. माझाच मले राग आला.

शनिवारी सकाळी माझ्या गोलूले चौकीत बसवलं. आयटीआयचा पेपर अकरा वाजता, महाल भागातल्या सेंटरवर. गाडी नवी, म्हणून संशय. मी बिल पिशवीत टाकलं अन् ऑटो पकडला.

"बिल आणलं काय?" हवालदारानं हात पुढं केला.

माझा हात पिशवीत गेला होता. तसाच रिकामा बाहेर काढला.

"आधी तुम्ही सांगा, गाडी चोरीले गेल्याची तक्रार कोणाची आहे?"

"लय बोलून राहिली तू."

"बोलीन ना! तक्रार नसंल तर गाडी काहून ठेवली? ठेवायचीच तर जप्तीचा कागद द्या, सही-शिक्क्याचा. पोराले काहून बसवलं तेही लिहा त्यात."

अन् बसली बाकड्यावर. साडेदहा झाले. गोलू डोळ्यानं पिशवीकडं खुणावत होता. मी तिकडं पाहिलंच नाही.

आतून साहेबानं विचारलं, "कोणता कागद मागून राहिली ती बाई?" हवालदार आत जाऊन काहीतरी पुटपुटला. मग बाहेर येऊन त्यानं गाडीची चावी टेबलावर ठेवली.

गाडीवर मागं बसली तर गोलू चिडून म्हणाला, "आई, बिल सापडलं नाही काय?"

"पिशवीत आहे."

त्यानं ब्रेकच मारला. "मंग दाखवलं काहून नाही?"

"आजपासून नाही दाखवायचं. चाल गा, पेपर आहे तुझा."