वीतभर मदरबोर्ड

कोळसा खाणींच्या वणीत राहणाऱ्या माणसाला धुळीचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावं, आणि दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी म्हणून घडी घालून ठेवावं, असा इथला न्याय. त्यामुळे नवा कॉम्प्युटर लहानच हवा, शोकेसच्या काचेआड बंद राहील एवढाच हवा, असं दीपमालेने जाहीर केलं तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. सासूबाई, म्हणजे जयाबाई, तर एक शब्दही बोलल्या नाहीत. आणि जयाबाईंचं न बोलणं दीपमालेला नेहमीच बोलण्यापेक्षा जड जायचं.

बोरी अरबची दीपमाला लग्नाआधी पुण्यातल्या एका कंपनीत होती. जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर हलती-बोलती चित्रं तयार करायची. नवरा प्रफुल्ल कोळसा खाणीत डंपर चालवायचा. वडील गेल्यावर त्यांच्या जागी मिळालेली नोकरी ती, तिला लाथ मारून कोण पुण्याला येणार? म्हणून दीपमालाच वणीला आली आणि जुन्या कॉम्प्युटरवर किरकोळ कामं करू लागली. यंदा उन्हाळ्यात धुळीने तो कॉम्प्युटर खाल्ला. नेमकं त्याच सुमारास पुण्याच्या कंपनीने तिला कळवलं. घरच्या मशीनवर एक छोटी फिल्म करून सोमवारी सकाळपर्यंत पाठव. जमलं तर कायम घरून काम कर. नाही जमलं तर पुण्याला येऊन राहा, नाही तर विषय संपला.

विषय संपवणं तिच्याच्याने होणार नव्हतं, हे नवराबायको दोघंही जाणून होते. म्हणूनच त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नव्हते.

शनिवारी ती दोघं यवतमाळला गोपालच्या दुकानात गेली. गोपाल तिच्या कॉलेजातला. त्याने काउंटरवर तीन मदरबोर्ड मांडले, कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाट्या. पहिला ऐसपैस होता. मेमरीच्या पट्ट्यांना चार जागा, पुढेमागे काही वाढवायचं तर भरपूर वाव, वर पुन्हा स्वस्त. डंपर चालवणाऱ्या माणसाला मोठ्या वस्तूचा भरवसा असतो. प्रफुल्लने त्याच्यावर हातच ठेवला.

"एवढा मोठा येते, तं लहान कायले?"

दीपमालेने धुळीचं कारण पुन्हा सांगितलं. ते इतक्यांदा सांगून झालं होतं की तिला स्वतःलाच ते अर्धंमुर्धं खरं वाटायला लागलं होतं.

उरलेले दोन वीतभर होते. एकावर प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू आधीच कायमचा बसवलेला, म्हणजे बिघडायचं भय नाही, पण तिच्या कामापुढे त्याने पहिल्या दिवशीच मान टाकली असती. दुसरा मात्र मूर्ती लहान पण कीर्ती महान असा. प्रोसेसर आपल्या पसंतीचा बसवायचा, गरमी खेचून घ्यायला धातूचे जाड तुकडे, आणि मोठं ग्राफिक्स कार्ड लावायला एक जागा. एकच. कार्ड तर बोर्डापेक्षाही लांब निघालं. नाकापेक्षा मोती जड झाला म्हणून गोपाल हसला. दीपमालेला हसू आलं नाही. मोठ्या बोर्डावर काम नक्की झालं असतं. या लहानग्यावर एक गोष्ट बिनसली की दुसरी जागाच नव्हती. तिने तो उलटला, पालटला, खाली ठेवला, परत उचलला.

"हाच दे," ती शेवटी म्हणाली, आणि प्रफुल्ल दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

निघताना गोपालने बजावलं. प्रोसेसर जिथे बसतो त्या खाचेत केसाहून बारीक पिना आहेत. एक जरी वाकली तरी बोर्ड परत घेतला जाणार नाही.

रविवारी जेवणं आटोपल्यावर दीपमालेने टेबलावर स्वच्छ चादर अंथरली. आता वणीची एक रीत सांगायला हवी. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजतो, आणि मग घरं हादरतात. म्हणून भोंगा ऐकला की ज्याने त्याने आपली ठरलेली वस्तू धरायची. जयाबाई बुद्धाची मूर्ती धरत, दीपमाला शोकेसची काच. लग्न होऊन आली तेव्हा तिला या प्रकाराचं फार हसू यायचं. त्या दिवशी नेहमीची वेळ टळून गेली तरी भोंगा वाजला नाही. रविवार आहे, आज सुरुंग नसेल, असं समजून तिने प्रोसेसर चिमटीत धरला आणि खाचेवर नेला.

आणि भोंगा वाजला.

तिच्या हाताने तिला विचारलंच नाही. तो सरळ शोकेसकडे गेला. जमीन हादरली, काच शाबूत राहिली, आणि प्रोसेसर तिरपा होऊन पिनांवर पडला.

तिने वाकून पाहिलं. खाचेच्या एका कोपऱ्यातल्या काही पिना आडव्या झाल्या होत्या. प्रफुल्ल धावत आला, त्याने पाहिलं आणि नको तेच बोलला, की मोठा घेतला असता तर ही पाळी आली नसती. पिना मोठ्यातही तशाच असतात, पण ती आडव्या पिना मोजत होती. जयाबाईंनी त्याला गप्प केलं आणि मोबाइलची बॅटरी लावून त्या तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

दीपमालेने शिवणाची सुई घेतली. दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात पिना मोठ्या करून पाहत ती एकेक उचलू लागली. जोर जास्त झाला तर पिन तुटणार, कमी झाला तर हलणारच नाही. एक पिन सरळ झाली की ती पुढची धरायची. जयाबाईंच्या हातातला उजेड जागचा हलत नव्हता. संध्याकाळ व्हायच्या आत तिने प्रोसेसर बसवला, बाकीची जोडणी केली आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा उजळला. पण लावलेल्या दोन मेमरीपट्ट्यांपैकी कॉम्प्युटरला एकच दिसत होती. कुठली तरी पिन अजून रुसलेली होती. अर्ध्या मेमरीत अख्खी फिल्म मावेना, मशीन दोनदा बंद पडलं. तेव्हा तिने प्रत्येक दृश्याचे तुकडे पाडले, झाडं वेगळी, माणसं वेगळी, आकाश वेगळं, आणि एकेक तुकडा मशीनला भाकरीसारखा भाजून काढायला लावला. झोप कोणालाच लागली नाही. सकाळी सगळे तुकडे जोडून तिने फिल्म पाठवली आणि मोबाइल पालथा घालून ठेवला.

उत्तर आलं तेव्हा प्रफुल्ल ड्यूटीवर निघत होता. काम पसंत आहे, घरूनच करा. तो दारातच मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिला. मग शिफ्टची गाडी चुकेल म्हणून पळाला.

घरात दोघीच उरल्या. जयाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दीपमालेला एक गोष्ट सांगून टाकायची होती. ती सासूसमोर जाऊन बसली.

"आई, धुळीसाठी नव्हता घेतला मी लहान. पुण्याले जावं लागलं असतं, तं बॅगेत घालून नेता यावा म्हणून घेतला."

जयाबाईंचा हात थांबला नाही.

"मले माहीत होतं. तू कॉम्प्युटरच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं केलतं. ते शोकेसमधी नाही, पयले बॅगेत घालून पाह्यलं तुनं."

"मंग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती, तं तू लाजेकाजेनं मोठा घेतला असता," जयाबाई म्हणाल्या. "अन् फसली असती इथं."

दीपमालेला रडू आलं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.