जंतू पाहायला आलेले साहेब

त्र्यंबक रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाची टाकी झिरपली आणि डिझेल शेजारच्या सरुबाईच्या झेंडूच्या रानात उतरलं. पंपवाल्याने हात वर केले. सलग दोन दसरे त्या रानात फूल आलं नाही. ढेकूळ हातात घेतलं की गॅरेजमध्ये उभं राहिल्यासारखं वाटायचं.

मग कॉलेजात माती तपासणारी पायल आली. म्हणाली, डिझेल पचवणारे जंतू मातीतच असतात, ते वाढवून इथे सोडू. त्यांना फक्त ओल, हवा आणि शेणखत लागतं. सरुबाईला आधी हसू आलं. पण एकदा पदर खोचल्यावर तिने त्या जंतूंचं बाळंतिणीसारखं केलं. रान उकरलं, खत घातलं, उन्हात पाणी शिंपडलं. हळूहळू वास उतरला. बांधाकडेला टाकून पाहिलेलं झेंडूचं बी उगवलंसुद्धा. यंदा दसऱ्याला आपलीच फुलं घेऊन बाजारात बसायचं, असं तिने मनाशी धरलं.

पेपरात बातमी आली आणि मुंबईचे साहेब हे जंतूंचं काम पाहायला येणार असं ठरलं. साहेब म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या अंगात येतं. त्या सकाळी सरुबाई शेणखताची पाटी घेऊन पोचली, तर रान पांढरंफटक. ग्रामसेवक ज्ञानेशने रस्त्याकडेला ब्लीचिंग पावडरच्या रेघा मारल्या होत्या. पोती उरली, ती रानात ओतून वर टँकरने पाणी मारलं होतं.

"भाऊ, हे काय केलं?"

"साहेब येणार मावशी, स्वच्छता नको? एक जंतू राहणार नाय आता."

पायलने मूठभर माती उचलली, हुंगली, खाली टाकली. "पुन्हा पहिल्यापासून, आजी," एवढंच बोलली.

सरुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. ज्यांचं कौतुक करायला माणूस बोलावला, त्यांनाच विष घातलं. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण गाढव निदान सरकारी पगार तरी घेत नाही.

गाड्या आल्या. साहेबांनी सभोवार पाहिलं. "वा, काय स्वच्छ ठेवलंय." ज्ञानेशने बाजारातून आणलेला झेंडूचा हार सरुबाईच्या हातात दिला.

ती साहेबांसमोरून सरळ रानात गेली, पांढऱ्या मातीवर हार ठेवला आणि हात जोडले.

"मावशी, हार साहेबांना घालायचाय," ज्ञानेश मागून म्हणाला.

"जित्या माणसाला कसली घाई हाय," ती म्हणाली. "आधी मयताला."