आडवं आलेलं कुत्रं

पेठ वडगावच्या बाजारात विश्वजितचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तो नवी तार गुंडाळून पुन्हा भरून द्यायचा. कामाला चोख आणि बोलायला गोड. पण गाडीवर बसला की हाच माणूस बदलायचा. कुणी मागून येऊन पुढं गेलेलं त्याला सोसायचं नाही. बायको मोना म्हणायची, "रस्ता म्हंजे शर्यतीचं मैदान हाय का?" तो नुसता हसायचा.

वैशाखात मलकापूरला मोनाच्या मावसबहिणीचं लग्न झालं. जेवणं उरकून दोघं मोटरसायकलवरून परत निघाली. वाटेत रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. तिथं लग्नातलाच एक लांबचा मेहुणा बुलेट दामटत शेजारी आला, "काय दाजी, बैलगाडी हाय व्हय?" म्हणाला आणि धुरळा उडवत पुढं गेला. झालं! विश्वजितनं गाडी पिळली. मोनानं खांद्यावर थाप मारली, "हळू घ्या." थोड्या वेळानं पुन्हा मारली. तो मान न वळवता तिला काहीतरी बोलला, तशी ती गप्प झाली. पुढच्या वळणावर बारीक खडी सांडलेली होती. मागचं चाक सरकलं. विश्वजित भुसभुशीत मातीवर लोळला, त्याचं कोपर तेवढं खरचटलं. मोना कडेच्या दगडांवर आदळली. उजवी मांडी मोडली आणि गुडघ्याची वाटी फुटली.

कोल्हापूरच्या दवाखान्यात मोनाला आत नेलं आणि बाहेर हवालदार वही काढून उभा राहिला. "कसं झालं पावणं?"

विश्वजित तोंड उघडणार तोच मोनाचे वडील, आण्णा, टॉवेल तोंडाशी धरून पळत येताना दिसले. वारणानगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, एकुलत्या एका लेकीचा बाप. त्यांच्याकडं बघत विश्वजितच्या तोंडातून निघून गेलं, "कुत्रं आडवं आलं."

आण्णांनी जावयाचे दोन्ही हात धरले. "जनावर वाचवाया गेलासा आनि सोता पडलासा! काय म्हनू तुमास्नी!"

शुद्धीवर आल्यावर मोनाला विश्वजितच्या आईनं, माईंनी, सांगितलं, "कुत्रं आलं म्हनं गं आडवं." मोनानं नवऱ्याकडं बघितलं. तो सलाइनच्या बाटलीकडं बघत होता.

"व्हय," ती म्हणाली. "काळं हुतं."

कुत्र्याला रंग मिळाला आणि ते धावायला लागलं. आण्णांनी ते वारणानगरच्या आपल्या सगळ्या कॉलनीभर नेलं. दुकानात येणारा प्रत्येक जण हळहळायचा. पुढं कॉलनीत सत्यनारायण झाला, तेव्हा मुक्या जिवासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला म्हणून विश्वजितला शाल आणि नारळ दिला. त्यानं मान खाली घालून घेतला. लोकांना तो विनय वाटला.

मोनाचं ब्युटी पार्लर होतं. एकच खुर्ची, पण लग्नसराईत नवऱ्या मुली रांग लावायच्या. काम सगळं उभ्यानं. आता तिचा गुडघा काटकोनातही वाकत नव्हता. तासभर उभं राहिलं की पाय सुजून खांबासारखा व्हायचा. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन लागेल. तेव्हा कुणीतरी सुचवलं, अपघाताची भरपाई मागा, गाडीचा विमा आहे की.

वकील मिळाली ती भैरवी नावाची तरुण बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"कुत्र्याचा विमा नसतो हो," ती म्हणाली. "कुत्रं अचानक आडवं आलं असेल तर चूक कुणाचीच नाही, आणि मग कंपनीही हात वर करते. मागं बसलेल्या माणसाला भरपाई मिळते ती गाडी चालवणाऱ्याची चूक असली तर. तुमचा विमा पूर्ण आहे, मागं बसणाऱ्यालाही धरून, म्हणून विचारते. यांची काही चूक होती का?"

विश्वजितला वाटलं, आता बोलावं. वाटत राहिलं.

"न्हाय," मोना म्हणाली. "कुत्रंच आलतं. ऱ्हाऊ दे मग."

ती जिना उतरायला लागली. कठडा दोन्ही हातांनी धरून, तिरकी होऊन, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. खालून वर येणारी माणसं भिंतीला चिकटून तिला वाट देत होती. विश्वजित तिची पर्स धरून मागून उतरत होता. या पर्सशिवाय आपण हिचं काहीच उचललेलं नाही, असं त्याच्या मनात आलं. त्यानं ती उगीच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

भरपाई मिळत नाही हे आण्णांना कळलं आणि ते इरेला पेटले. पुढच्याच रविवारी ते वडगावला आले. सोबत आकाराम होता. त्यांच्या कॉलनीला दुधाचे कॅन पोचवणारा टेम्पोवाला, साठीकडं झुकलेला, अंगानं किडकिडीत. माईंनी चहा ठेवला.

"ह्येच्या टेम्पोचा इमा चालू हाय," आण्णा म्हणाले. "ह्येनं धडक दिली म्हनून सांगायचं. कुत्र्याचं तवा गडबडीत बोललो म्हनायचं."

"आनि ह्याच्यावर केस झाली तर?" मोनानं विचारलं.

आकाराम बशी खाली ठेवून म्हणाला, "हुईल की. दंड हुईल, लायसन जाईल थोडं दिस. माझ्या पोरीच्या बाळंतपनात मध्यरात्री आण्णा गाडी घिऊन धावलं हुतं, ताई. तुमच्या पायासाठी मी गुन्हेगार म्हनून हुभा ऱ्हातो. माझं काय जातंय?"

उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाला साधा धक्काही मारला नसेल, तो माणूस आपला गुन्हा अंगावर घ्यायला निघाला होता. आणि वर विश्वजितला म्हणत होता, "तुमी काळजी करू नका, पावणं."

विश्वजित उठला, पुन्हा बसला. "कुत्रं नव्हतं," तो म्हणाला.

आण्णांना ऐकू आलं नसावं. "काय?"

"कुत्रंबित्रं काय नव्हतं, आण्णा. मी शर्यत लावली हुती. ही हळू घ्या म्हनत हुती. मी न्हाय ऐकलं."

माईंच्या हातातला पदर तसाच राहिला. आकाराम जमिनीकडं बघायला लागला. जणू त्याचीच काही चूक झाली होती. आण्णांनी जावयाला शिव्या दिल्या असत्या तर विश्वजितला बरं वाटलं असतं. ते लेकीकडं वळले. "तुला ठावं हुतं?"

"मी गाडीवरच हुते न्हवं," मोना म्हणाली.

आण्णा उठले, चपला घातल्या आणि आकारामला घेऊन गेले. अर्धा कप चहा तसाच राहिला.

"तू का गं झाकलंस?" विश्वजितनं विचारलं.

मोना पाय स्टुलावर ठेवून बसली होती. "दवाखान्यात तुमची नजर माझ्याकडं वळंना झालती. मला ते बघवलं न्हाय." थोडं थांबून ती म्हणाली, "वाटलं, दोन-चार दिवसांत तुमी आपनहून बोलशिला. मग वकिलीनबाईंनी विचारलं. तवा तरी बोलशिला असं वाटलं."

 

दुसऱ्या दिवशी तो पोलीस ठाण्यात गेला आणि जबाब बदलून आला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. भैरवीनं मुदत संपायच्या आत दावा घातला: अर्जदार मोना, सामनेवाला तिचा नवरा आणि त्याची विमा कंपनी. कोर्टात बायकोसमोरच्या बाजूला आपलं नाव पुकारलं गेलं, तेव्हा विश्वजित उठून तिकडं जाऊन उभा राहिला.

मोनाच्या साक्षीला आण्णा आले होते. ते दुसऱ्या टोकाला बसले. कंपनीचे वकील शांतपणे उभे राहिले.

"आधी कुत्रं होतं. भरपाई मिळत नाही म्हटल्यावर कुत्रं गेलं. नवरा-बायकोनं मिळून पैशासाठी हे रचलंय, असं माझं म्हणणं आहे."

"कुत्रं त्येंनी सांगितलं," मोना म्हणाली. "मी त्याला व्हय म्हटलं. त्ये माझं चुकलं."

"मग आता खरं कशावरून? हळू चालवा म्हणालात, ते कुणी ऐकलं?"

"त्येंनी ऐकलं. उत्तर दिलं की मला."

"काय उत्तर दिलं?"

मोनानं विश्वजितकडं बघितलं नाही. न्यायाधीशांकडं बघून ती म्हणाली, "'गप बस, न्हायतर उतर आनि चालत ये.' असं म्हनाले. त्याच्यानंतर मी काय बोलले न्हाय. आनि त्याच्यानंतर आजपातूर मी धड चालले न्हाय."

टंकलेखक टाइप करत होता. त्या बटणांचा आवाज विश्वजितला एकेक करून ऐकू येत होता. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिच्या घडीवरून अंगठा फिरवत होते. विश्वजितला वाटलं, जमीन फाटावी. पण कोर्टाची फरशी चांगली मजबूत होती, आणि त्याला तिथंच बसून पुढचे सगळे प्रश्न ऐकावे लागले.

बुलेटवाल्या मेहुण्याला भैरवीनं बोलावून घेतलं. त्यानं आढेवेढे घेतले, पण आरशात मागची गाडी वेगात येताना बघितली होती, हे कबूल केलं. निकाल मोनाच्या बाजूनं लागला. मागितलं होतं त्यापेक्षा कमी मिळालं, पण ऑपरेशन निभावलं. त्याआधीच फौजदारी कोर्टात विश्वजितनं गुन्हा कबूल करून दंड भरला होता. मोनाचा गुडघा आता बराचसा वाकतो. तिनं उंच स्टूल करून घेतलं, त्यावर बसून ती काम करते. आण्णा येतात, लेकीशी बोलतात, जावयाला "बरं हाय न्हवं?" एवढं विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

बाजारात मात्र वेगळंच झालं. एके दिवशी मोटार घेऊन आलेला एक शेतकरी डोळा मारून म्हणाला, "डोस्कं लावलासा की राव! बायकोकडनं सोतालाच गुन्हेगार ठरवून घेतलासा आनि कंपनीला टोपी घातलीसा. आमालाबी शिकवा की."

"तसं न्हाय," विश्वजित म्हणाला. "चूक माझीच हुती."

"व्हय व्हय, तसंच सांगायचं असतंय." आणि तो मनापासून हसला.

विश्वजितनं हातातली तांब्याची तार खाली ठेवली. मग त्यानं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. शर्यत, खांद्यावरची थाप, आपण काय बोललो ते शब्द, आणि ती शाल घेतली तेही. ऐकता ऐकता त्या माणसाचं हसू उतरलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. चहा मागवला होता तो आला, पण त्यानं घेतला नाही.

"मोटार कधी मिळंल?" त्यानं विचारलं.

"परवा न्या."

"बरं," असं म्हणून तो पायऱ्या उतरून गेला.