गिरधरआबांच्या गिटारचा टोन

"आबा, गिटार ठणठणीत आहे," मी चौथ्यांदा सांगितलं. "उगाच माझ्या मागे लागलाय तुम्ही."

"कसानी ठणठणीत! आवाज गोधडीमां गुंडाळेल सारखा येस. बरोबर देख ना तू."

गिरधरआबा एरंडोलचे. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या हिलालच्या बँडमध्ये तीस वर्षांपासून बेस गिटार वाजवतात. धुळ्यात आग्रा रोडवर माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, अॅम्प्लिफायर यांचा नुसता ढीग पडलेला असतो, पण ही चार जाड तारांची गिटार आली की मी बाकी सगळं बाजूला सारतो. आबा वस्तू जपतात, म्हणून. वरात संपली की आधी एकेक तार कोरड्या फडक्यानं पुसणार, मग पाणी पिणार. घामानं तारा गंजतात, हे बँडमधल्या बाकीच्यांना सांगून सांगून ते थकले.

या खेपेला मात्र त्यांनी माझं डोकं पिकवलं. व्हॉल्यूमचा कंट्रोल फिरवला की खरखरायचा, तो बदलला. टोनचा कंडेन्सर बदलला. सुटत आलेल्या वायरीला सोल्डरिंगचा नवा डाग दिला. आवाज असा मोकळा झाला की मीच खूश! आबा आपले मान हलवतायत, "अजून दबेल शे."

तिकडे हिलालचा फोन. "रहीमभाई, आबांची गिटार हल्ली कचकच करते. लोक कानावर हात ठेवतात. गुरुवारच्या लग्नात असंच झालं, तर मी बेस कीबोर्डवर घेणार. आबांना घरी बसवावं लागेल."

आता बोला! गिटार एक आणि तक्रारी दोन, त्याही उलट्या. एकाला दबलेली वाटते, दुसऱ्याला टोचते. हे काय गौडबंगाल आहे ते कळल्याशिवाय मला जेवण जाईना.

शेवटी मी नवं सर्किट मागवलं. चौकोनी सेलवर चालणारं, जाड आणि बारीक आवाजाला वेगवेगळी बटणं असलेलं. गिटारच्या पोटात जागा करून बसवलं आणि आबांना बजावलं, "वाजवून झालं की वायर काढायची. खुपसून ठेवली तर सेल उतरतो."

आबांनी बारीक आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तार छेडली. या अल्ला! माझे दात आंबले. बोट तारेवरून सरकलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं व्हायचं. आणि आबांचा चेहरा फुललेला.

"हाई देख! आते कशी वळखू ऊनी! बठ्ठं साफ ऐकू येस!"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी त्यांच्या मागे जाऊन उजव्या बाजूला स्टीलच्या ग्लासवर टेस्टरनं टिचकी मारली. आबा हलले नाहीत. डाव्या बाजूला मारली. तिसऱ्या टिचकीला वळले.

उजवा कान. बँडच्या गाडीवर आबांच्या उजव्या हाताला भोंगा आहे. तो बसवला कोणी? मीच, आठ वर्षांपूर्वी. मागे नाचणाऱ्यांना आवाज कमी पडतो म्हणून हिलाल कुरकुरला, तर मी भोंगा फिरवून आबांच्या कानाशी आणून ठेवला. वर फुशारकी मारली, आता ऐका म्हणून. एवढा मोठा मेकॅनिक मी, पण शेजारी माणूस बसतो हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. लाज वाटली मला स्वतःची.

"आबा, गिटारचा दोष नाही. तुमचे कान गेलेत. आणि तो भोंगा मी बसवला होता."

हे दोनदा ओरडून सांगावं लागलं.

आबा फडकं काढून तारा पुसत राहिले.

"सुंदरबाई बी हाईच सांगस," ते म्हणाले. सुंदरबाई म्हणजे त्यांची बायको. "माले वाटे, तीच हळू बोलस."

"डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर."

"जाऊत. पन गुरुवारले लगीन शे." त्यांनी गिटार माझ्यापुढे सरकवली. "तुले जठे गोड लागस, तठे बटन ठेव. आनि खूण कर. माले कसंबी ऐकू येऊ दे, मी तठेच ठेवसू."

मी बटण मागे घेत गेलो. टोचणं गेलं, आवाज भरला, कपाटाची काच थरथरली. तिथं थांबलो. कानस घेऊन बटणावर आणि खालच्या पट्टीवर, बोटाला लागेल अशी रेघ मारली. आबांनी अंगठा फिरवून ती चाचपली.

मग ते वाजवायला बसले. वाजवताना आबा कायम डोळे मिटून घेत. आज डोळे उघडे होते. एकेक सूर काढून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान डोलावली की पुढचा सूर.