फोटोची काच

गवंड्याला भिंत कळत नाही म्हटलं तर लोक तोंडावर हसतील. पण याला तेव्हा कळली नाही, हे खरं. भूकंपाचा मोठा धक्का बसला, सगळे धडपडत बाहेर आले, आणि तासाभराने थोरल्या भावाने विचारलं, "जाऊ का रे आत? हिची औषधं राहिलीत." याने भिंतीतल्या भेगेवर उडती नजर टाकली. "जा बिनधास्त, दादा. काही होत नाही!" मोठ्या धक्क्यामागून त्याची पिल्लं येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पिल्लू आलं आणि मागची खोली दादावर बसली.

तेव्हापासून "जाऊ का रे आत?" त्याची पाठ सोडत नव्हतं. थापी हातात घेतली की हमखास ऐकू यायचं.

वहिनी आणि पुतणी दीड महिना अंगणात ताडपत्रीखाली होत्या. वहिनींचा एकच धोशा, "भावजी, पुढच्या दोन खोल्या उभ्या आहेत ना? मग?" अखेर त्याने पुढच्या खोल्यांच्या भिंतीतल्या भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने पक्की बसवली. फुटक्या खिडकीची हिरवट काच.

"भिंत हलली तर ही तडकेल. पंधरा दिवस शाबूत राहिली तर खुशाल आत जा."

मधे दोन धक्के जाणवले. सोळाव्या दिवशी तो आला, तर पट्टी जशीच्या तशी! हुश्श करत त्याने बोट फिरवलं, आणि हात तिथेच थांबला. काच हिरवट नव्हती.

ताडपत्रीखाली दादाचा फोटो टांगला होता. फ्रेमला काच नव्हती.

"वहिनी, कितीदा तडकली?"

पुतणीच म्हणाली, "दोनदा, काका. तुमचं काच कापायचं कटर इथेच राहिलं होतं. आईने नवी कापून लावली."

"मग काय करू?" वळकटी काखेत घेऊन उभ्या वहिनी उसळल्या. "पोरीला घेऊन किती दिवस उघड्यावर काढू? तेव्हा म्हणालात ना, काही होत नाही? तेच आता म्हणा! जाऊ का आत?"

तो दाराच्या पायरीवर बसला, चौकटीला दोन्हीकडे हात टेकून.

"नको," तो म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. "नको जाऊस, दादा."

वहिनींनी वळकटी खाली ठेवली.