चिंधी आणि तिची तीन पिल्लं

शिंपीणमावशींच्या दुकानात चोरी झाली. चोरांनी नवं इंटरलॉक मशीन नेलं, दोन इस्त्र्या नेल्या आणि जाता जाता शाळेच्या गणवेशांचा बेतून ठेवलेला गठ्ठाही उचलला. मावशी इतक्या हबकल्या, की दोन दिवस त्यांच्या हातून एक काज धड होईना.

घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. सगळ्यांत पुढे त्यांचे दीर. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर राहणारे.

"वहिनी, कुलूपबिलूप काही कामाचं नाही. पिटबुल आणा. नुसतं थोबाड बघूनच चोर पळेल."

"पण भाऊजी, तो आपल्यालाच चावला तर?"

"लहानपणापासून वाढवला की आपला तो आपलाच. बाकीच्यांना चावला तर उत्तमच."

मावशींना हे पटलं असं नाही, पण भीतीपुढे माणसाचं डोकं चालत नाही. रविवारी सकाळी दोघं एका पिल्लंवाल्याकडे गेली.

पिल्लंवाल्याने टोपलीतून एक पिल्लू काढून मावशींच्या हातावर ठेवलं. जेमतेम महिन्याचं, डोळे चिकटलेले, थंडी वाजल्यासारखं थरथरत होतं.

"एवढं लहान आईपासून तोडता?" मावशींनी विचारलं.

"लहान असलं की गिऱ्हाइकाला आवडतं. याचा बाप बघा ना, काय खुंखार आहे. उपाशी ठेवतो मी त्याला, म्हणजे तापट राहतो. कानसुद्धा मीच कापतो, घरच्या घरी."

मावशींचा कात्रीवरचा हात चाळीस वर्षांचा. पण हे ऐकून त्यांनी पिल्लाचे कान तळव्याखाली झाकले.

"आई कुठंय याची?"

तो जरा अडखळला, मग त्यांना मागे घेऊन गेला. पत्र्याच्या आडोशामागे हातभर साखळीला एक कुत्री बांधलेली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. स्तन लोंबलेले, मानेवर साखळीने घासून पडलेली जखम. अडीच वर्षांतली चौथी वीण, असं तो अभिमानाने सांगत होता. मावशी जवळ गेल्या तशी ती भुंकली नाही. तिने आधी मावशींच्या हातातलं पिल्लू हुंगलं आणि मग मावशींचा हात चाटला.

मावशींनी पिल्लू तिच्या कुशीत ठेवलं. "आम्हाला नको," एवढंच म्हणाल्या आणि तिथून निघाल्या त्या थेट जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तक्रार लिहिली. तिसऱ्या दिवशी अधिकारी गेले, जागा बंद झाली. बाकीचे कुत्रे आश्रयगृहात गेले. तिथे बाळंतिणीसाठी जागा उरली नव्हती.

"माझ्याकडे आहे जागा," मावशी म्हणाल्या. "कापायच्या टेबलाखाली."

भाऊजी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही तरी समजवा वहिनींना. अहो, ही जात आहे कसली! पेपर वाचत नाही का तुम्ही?"

"वाचते की," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आणि या कुत्र्यात ताकद आहे, तो चावला तर जखम मोठी होते, हेही खरं. म्हणून तर तो जास्त जबाबदारीने वाढवायला हवा. इथे उलटंच चालतं. स्वभाव न बघता, कधी सख्ख्या भावंडांचीच जोडी लावून पिल्लं काढतात. जोरात चावायचं नाही, हे पिल्लू आईजवळ, भावंडांशी खेळताना शिकतं. ते शिकायच्या आतच ते विकलं जातं. मग कुणीतरी त्याला दिवसभर बांधतो, काठीने डिवचतो आणि वर म्हणतो, जातच वाईट. भाऊजी, मूल शाळेत घातलंच नाही आणि परीक्षेत नापास झालं म्हणून त्याच्या नावाने बोंब मारली, तर चालेल तुम्हाला?"

भाऊजींना काही ते पटलं नाही; ते मान हलवत बाहेर जाऊन उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कुत्रीचा स्वभाव नीट तपासून घेतला होता. तरी त्यांनी मावशींना बजावलं: बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी, लहान मुलांजवळ एकटं सोडायचं नाही आणि पिल्लांचं दूध सुटलं की नसबंदी. मावशींनी मान डोलावली आणि कुत्रीला तिच्या तीन पिल्लांसह घरी आणलं.

चिंध्यांच्या ढिगात ती अशी काही पसरली, की तिचं नाव आपोआप चिंधी पडलं. पहिले दोन दिवस मशीन सुरू झालं की ती टेबलाखाली आणखी आत सरकायची. तिसऱ्या दिवशी मशीनच्या तालावर घोरू लागली. गिऱ्हाइकं दारातूनच मापं सांगायची. मग एकेक जण आत डोकावू लागला आणि आठवड्याभरात ब्लाउजची फिटिंग राहिली बाजूला, पिल्लांचं कौतुकच जास्त.

भाऊजी मात्र जिना उतरताना छत्री हातात धरायचे, लख्ख उन्हातसुद्धा. एके दुपारी ते दुकानातल्या खुर्चीवर टेकले आणि चिंधीने येऊन त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवली. भाऊजी जागीच थिजले. मग हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. तासाभराने मावशी बघतात तर चहा गार झालेला.

"अहो, चहा?"

"हळू बोला वहिनी," भाऊजी कुजबुजले. "झोपलीय ती."

त्या दिवसापासून छत्री कोपऱ्यात गेली. चोरांसाठी मावशींनी दाराला मजबूत जाळी बसवून घेतली आणि तो प्रश्न मिटला.

पिल्लं अडीच महिन्यांची झाली, तेव्हा त्यांना घरं शोधायचं काम भाऊजींनी स्वतःहून अंगावर घेतलं. येणाऱ्याला ते समोर बसवून विचारत, "घरी दिवसभर कोण असतं? फिरवणार कोण? म्हातारा झाल्यावर सांभाळणार का?" एक गृहस्थ म्हणाला, "मला गोदामासाठी जरा खुंखार पाहिजे."

"मग घरी आरसा असेल ना, त्यात बघा," भाऊजी म्हणाले आणि त्याला दारापर्यंत सोडून आले.

शेवटचं पिल्लू एका निवृत्त परिचारिकेकडे गेलं. तिने निघण्यापूर्वी पिल्लाच्या खाण्याच्या वेळा वहीत लिहून घेतल्या. भाऊजी रस्त्याच्या वळणापर्यंत तिच्यासोबत गेले, परतताना उगाच नाक शिंकरत आले आणि मावशींना म्हणाले, "वहिनी, मीच तुम्हाला त्या माणसाकडे नेलं होतं. माझ्यासारखी गिऱ्हाइकं आहेत, म्हणून त्याचा धंदा होता."

मंडळी, भाऊजींचं हे बोलणं आपण सर्वांनीच मनावर घेण्यासारखं आहे. कुत्र्याच्या जातीला नावं ठेवण्याआधी त्याला कुणी जन्माला घातलं आणि कसं वाढवलं, हे विचारूया. खुंखार पिल्लू मागणारा माणूस उरला नाही, तर ते पैदा करणाराही उरणार नाही. घरात जीव आणायचा तर सांभाळण्याची तयारी ठेवूनच आणायचा. ती तयारी मावशींनी ठेवली. म्हणून आज त्यांच्या टेबलाखाली एक आई सुखाने पाय ताणून झोपते आहे, आणि भाऊजी गिऱ्हाइकांना सांगत असतात, "जरा वळसा घालून या."