मोडक्या स्प्रिंगची पूजा

मी एक जुनी सीट आहे, मित्रांनो, आणि माझी पहिली तक्रार या घरातल्या मुलाबद्दल आहे. मुलगा म्हणायचं एवढंच, डोक्यावर निम्मे केस पिकलेत. वडील गेले तसं त्याने गाडीत मला चादरीखाली झाकून टाकलं. रोज सकाळी यायचा, चादरीचं टोक उचलायचा, माझ्या उजव्या अंगाला पडलेल्या खड्ड्यावरून हात फिरवायचा आणि उसासा टाकून चहा प्यायला जायचा. याला तो जपणं म्हणतो. मी काय म्हणते, ते तुमच्यासारख्या लहानांसमोर बोलण्यासारखं नाही.

मी पुढची सीट. हल्लीच्या गाड्यांत पुढे दोन वेगळ्या खुर्च्या असतात, भांडण झाल्यासारख्या लांब लांब. मी तशी नाही. या दारापासून त्या दारापर्यंत एकच. माझ्या लोखंडी सांगाड्यावर स्प्रिंगा बांधल्या, त्यांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर कापूस आणि सगळ्यांवर विटकरी रंगाचं कातडं. एक सुरकुती शोधून दाखवा म्हटलं असतं तर कुणाला सापडली नसती. लोक काचेला नाक लावून बघायचे. मीही बघू द्यायचे.

मुलाचे वडील धिप्पाड. ते बसायचे नाहीत, आदळायचे. एके दिवशी आतून टण्णकन आवाज झाला आणि माझी स्प्रिंग तुटली. तो हा खड्डा. दुरुस्त करायचं सोडून त्यांनी त्यात टॉवेलची घडी कोंबली आणि पुढे रोज दार उघडलं की मला शिव्या. "या सीटने माझी कंबर घालवली!" म्हणायचे. सीटची स्प्रिंग कुणी घालवली, ते नाही बोलायचे.

पण माणूस वाईट नव्हता हो. आईंना गाडी त्यांनीच शिकवली, माझी स्प्रिंग तुटायच्या आधी. आई चणीने लहान. त्या चालवायच्या आणि हे शेजारी बसून उजव्या पायाने ब्रेक दाबायचे. तिथे ब्रेक कुठला? नुसतं पत्र्यावर पाय आपटणं. आई हसायच्या, मीही आतल्या आत हलायचे. ते दिवस मी विसरले नाही.

ते गेल्यावर काही महिन्यांनी आई किल्ली घेऊन आल्या. त्यांना बहिणीकडे जायचं होतं, कुणाला न विचारता, आपल्या वेळेला. चादर ओढून बसल्या आणि खड्ड्याने त्यांना गिळलं. बाहेरून नुसता अंबाडा दिसत होता.

"बोनेटच दिसत नाही रे," आई म्हणाल्या. "सीट भरून आण."

"ती बाबांची जागा आहे, आई. तिला हात लावायचा नाही. मी सोडतो ना तुला."

"सोडतोस खरा. पण घ्यायला तुझ्या सवडीने येतोस. भाजीच्या पिशवीसारखी दारात बसून राहते मी."

त्याने चादर पुन्हा माझ्यावर ओढली.

शेवटी कातडंच शिवणीवर उसवलं, तेव्हा त्याने मला कुशनवाल्याकडे नेलं. आणि हुकूम काय सोडला? "नवं कव्हर एकदम गुळगुळीत बसलं पाहिजे. पण खड्डा तसाच राहू दे."

कुशनवाल्याने पेन्सिल कानामागे खोचली. "साहेब, दोन्हींतलं एक काहीतरी मागा."

"जुनं कव्हर उसवा, त्याच्यावरून माप घ्या. अगदी तस्संच हवं."

गिऱ्हाइकाचं ऐकायचं म्हणून त्याने ऐकलं, आणि तिथेच चुकलं. इतक्या वर्षांत ते कातडं ताणून ताणून माझ्यापेक्षा मोठं झालं होतं. त्याच्यावर बेतलेलं नवं कव्हर माझ्या अंगावर चढलं ते दुसऱ्याचा झगा घातल्यासारखं. उजवीकडे ओढलं की डावीकडे चुण्या, डावीकडे ओढलं की शिवण वाकडी. काढलं, घातलं, पुन्हा काढलं. कव्हर सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या कड्या पक्कड घेऊन तोडायच्या, पुन्हा बसवायच्या. कुशनवाल्याची बोटं सोलली. मी तर इतकी दमले की वाटलं, भंगारात टाका पण हा खेळ थांबवा.

त्या दिवशी आई स्वतः दुकानात आल्या. चुण्यांवरून एकदा हात फिरवला.

"आत पोकळ असेल तर वर ब्लाउज तरी बसतो का कधी?" त्या कुशनवाल्याला म्हणाल्या. "उघडा हिला."

"आई, नको!" मुलगा मधे आला.

"बाजूला हो. उघडा हो तुम्ही."

कुशनवाल्याने कापूस, काथ्या, गोणपाट, सगळं उचललं. खाली गंजलेली स्प्रिंग, दोन तुकड्यांत.

"हे बघ तुझे बाबा," आई म्हणाल्या. "जन्मभर टोचत होतं त्यांना हे. आणि तू त्याची पूजा मांडलीस."

मुलगा खाली बसला. ते दोन तुकडे हातात घेऊन एकमेकांना जुळवून पाहिले. "मला वाटायचं, त्यांच्या बसण्याने पडलेला आकार आहे हा..." एवढंच बोलला. मग त्याने स्वतःच पक्कड उचलून कुशनवाल्याच्या हातात दिली.

नवी स्प्रिंग बसली. खड्डा भरला. माप या वेळी माझ्या भरल्या अंगावरून घेतलं, आणि बोटभर कमीच. कव्हर उन्हात टाकून मऊ केलं, मग मधोमध पकडून दोन्हीकडे थोडं थोडं ओढत नेलं, कोपरे सगळ्यात शेवटी. कुशनवाल्याने पालथा हात माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. हात कुठेच अडला नाही. मग त्याने पेन्सिल कानामागून काढून खिशात ठेवली.

माझी दमणूक अजून गेलेली नाही. या वयात जाणारही नाही. पण आज आई उजवीकडे बसल्यात, ताठ, त्यांना बोनेट दिसतंय, बोनेटच्या पुढचा रस्ताही दिसतोय. बहिणीकडे चालल्यात. मुलगा हट्टाने शेजारी बसलाय. पहिलं वळण आलं तसा त्याचा उजवा पाय पत्र्यावर आपटला. आईंनी त्या पायाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

त्याला ऐकू जाणार नाही हे मला ठाऊक आहे, मित्रांनो, तरी मी मोठ्याने सांगितलंच: "मोडलेलं आधी दुरुस्त करावं रे बाळा, चादर मग घालावी. आणि बाप हवा असेल तर स्वतःच्या उजव्या पायात बघ. माझ्या अंगात पुन्हा शोधायला येऊ नकोस."